कारखान्याला हो, पण हिशेब दाखवा

मुळशी तालुक्यातलं नेरे हे मारुंजी, जांबे आणि कासारसाई यांच्या शेजारचं गाव. एका बाजूला हिंजवडीचा आयटी पार्क, दुसरीकडे कासारसाईचं धरण आणि साखर कारखाना. द्रुतगती मार्ग ओलांडून वर गेलं की तळेगाव दाभाडेची औद्योगिक वसाहत, खाली उतरलं की पिरंगुट-उरवड्याचे कारखाने आणि त्याही पुढे मुळशीचं टाटा धरण. सरकारने देशी उद्योगाला हात देण्याच्या जेवढ्या म्हणून तऱ्हा गेल्या शंभर वर्षांत निघाल्या, त्यातल्या बहुतेक या टापूत कुठे ना कुठे येऊन गेल्या आहेत. सक्तीचं भूसंपादन झालं, सहकारी कारखान्याचं भागभांडवल आलं, एमआयडीसीचे भूखंड पडले, करमाफी झाली आणि आता उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन, म्हणजे पीएलआयही आलं.

त्यामुळे ‘सरकारने देशी कारखानदारीला मदत करावी का?’ हा प्रश्न या पट्ट्यात विचारला तर सुरुवातीला ‘करायलाच पाहिजे’ असं उत्तर येतं आणि बोलणं तिथे थांबत नाही. जमीन कुणाची जाणार? भाव काय? पोरांना घेणार की बाहेरून आणणार? घेतलं तर परमनंट करणार की ठेकेदाराकडे टाकणार? पाहणीत ‘हो’ किंवा ‘नाही’ असे रकाने असतात, या पुढच्या प्रश्नांना रकाना नसतो. आणि लोकांचं खरं मत या पुढच्या प्रश्नांतच असतं.

हे मत आजचं नाही. त्याची पहिली मोठी नोंद याच तालुक्यात, १९२१ साली झाली.

टाटा पॉवर कंपनी १९१९ मध्ये स्थापन झाली. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ मुळशी पेट्यात धरण बांधायचं, पाणी घाटाखाली कोकणात भिऱ्याला सोडून वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी योजना होती. देशी भांडवल, देशी कंपनी, देशी गिरण्या. कोळशाची बचत होईल, मुंबईच्या कारखानदारीला बळ येईल, असं कंपनीचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. स्वदेशीच्या चळवळीवर वाढलेल्या पुण्याने याला नावं ठेवायचं वरकरणी काही कारण नव्हतं. मुंबई सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीसाठी वापरला. सुमारे पन्नास गावांची जमीन पाण्याखाली जाणार होती. आंबेमोहोर पिकवणाऱ्या मावळ्यांची ही गावं, आणि कित्येक ठिकाणी मोजणी सुरू झाल्यावरच लोकांना आपल्या गावाचं काय होणार ते कळलं.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. सत्याग्रही धरणाच्या कामावर चालून गेले, बसून राहिले आणि काम थांबलं. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पुढे पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे सेनापती झाले आणि हीच पदवी त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली. विनायकराव भुस्कुटे गावोगाव हिंडले. शिवरामपंत परांजप्यांसारखा पुण्यातला नामवंत लेखक-संपादक या सत्याग्रहासाठी तुरुंगात गेला. महात्मा गांधींनी ‘यंग इंडिया’त टाटांना उद्देशून लिहिलं. तरीही १९२४ अखेर लढा संपला आणि धरण झालं.

राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला आहे आणि त्यात पुण्याच्या मतातली फूट नीट दिसते. जमिनीचे मालक असलेले पुण्यातले बरेच सावकार चांगल्या मोबदल्यावर तडजोडीला तयार होते, तर जमीन कसणारे मावळे काही केल्या तयार नव्हते. म्हणजे एकाच कारखानदारीबद्दल, एकाच सरकारी मदतीबद्दल दोन मतं होती आणि ती राष्ट्रभक्तीच्या कमीजास्त मापाने ठरत नव्हती. ज्याला पैसे मिळणार होते त्याचं एक मत होतं, ज्याची भाकरी जाणार होती त्याचं दुसरं. सत्याग्रही मावळा स्वदेशीच्या विरुद्ध नव्हता. देशाच्या उद्योगाची किंमत आपल्या एकट्याच्या पदरातून का वसूल व्हावी, एवढंच तो विचारत होता, आणि या प्रश्नाला त्या वेळी सरकारने, कंपनीने आणि पुण्याच्या पुढाऱ्यांपैकी अनेकांनी दिलेलं उत्तर अपुरं होतं.

त्याच काळात सरकारी मदतीचा वेगळा नमुनाही महाराष्ट्रात उभा होता. बेळगावातून जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या संस्थानाने कुंडलच्या माळावर जमीन दिली, कर्ज दिलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. निवडुंग आणि साप यांच्याशिवाय तिथे फारसं काही नव्हतं. कुणाचं भातखाचर बुडालं नाही, उलट पंचक्रोशीतल्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर मिळाला.

नेऱ्याहून फार लांब नसलेल्या तळेगाव दाभाड्यात तर सरकारवाचूनच प्रयोग झाला. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा मागायचा आणि त्यातून देशी उद्योग उभारायचा, अशी कल्पना काढली. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना तळेगावात सुरू झाला आणि तिथे काचकाम शिकून गेलेल्या माणसांनी पुढे ठिकठिकाणच्या कारखान्यांत भट्ट्या पेटवल्या. आज कुणी विचारलं की देशी कारखानदारीबद्दल जनमत कसं मोजावं, तर या फंडाकडे बोट दाखवता येईल. परदेशी सत्तेकडून अनुदानाची आशा नसताना लोकांनी खिशातून पैसा काढला, कारण तो कुठे जातो हे डोळ्यांनी दिसत होतं. न्यायमूर्ती रानडे १८९० पासून पुण्यात औद्योगिक परिषदा भरवून सरकारने उद्योगांना साहाय्य करावं असा आग्रह धरत होते. सरकारने ऐकलं नाही, लोकांनी मात्र जमेल तेवढं ऐकलं.

स्वातंत्र्यानंतर सरकारच आपलं झालं आणि मदतीचा ओघ सुरू झाला. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, १९६४ पासून राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू झाली. या योजनेचा मूळ हेतू कारखाने मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर न्यायचा होता. म्हणून ती आजही विकसित भागाला सर्वात कमी आणि मागास भागाला सर्वात जास्त देते. पिंपरी-चिंचवड नवनगर प्राधिकरणासाठी १९७२ पासून ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या शेतकऱ्यांची साडेबारा टक्के जमीन परताव्याची मागणी मात्र दोन पिढ्या चालली. आजोबांची जमीन गेली आणि नातू अर्ज घेऊन हिंडला. हिंजवडी-नेऱ्याच्या लोकांनी हे शेजारच्या गावात घडताना पाहिलेलं आहे.

हिंजवडीचीच गोष्ट घ्या. शरद पवारांनी जाहीर भाषणांतून अनेकदा सांगितलेली आठवण अशी, की तिथे साखर कारखान्याचं भूमिपूजन ठरलं होतं. नानासाहेब नवले यांच्या पुढाकाराचा हा कारखाना. पवारांनी त्याच कार्यक्रमात सांगितलं की इथे कारखाना नको, इथे आयटी पार्क होईल आणि कारखान्याला दुसरीकडे जागा देऊ. संत तुकाराम सहकारी साखर कारखाना मग कासारसाई-दारुंब्रेला झाला. नेरे बरोबर या दोहोंच्या शेजारी आहे. एकाच सरकारच्या मदतीने झालेल्या दोन उद्योगांची तुलना करण्यासाठी याहून चांगली जागा सापडायची नाही.

साखर कारखान्यात सरकारचं भागभांडवल असतं, कर्जाला थकहमी असते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला १९५० मध्ये घालून दिलेला हा घाट. त्यात पुढे काय काय झालं हे मराठी वाचकाला सांगायला नको. आजारी कारखाने, कवडीमोलाने झालेल्या विक्र्या, २०११ मध्ये बरखास्त झालेलं राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ, सगळं समोर घडलं. तरी गावातला सभासद शेतकरी कारखान्याबद्दल ‘आपला’ असं म्हणतो. शेअरचा कागद त्याच्या ट्रंकेत असतो, वार्षिक सभेत उभं राहून उसाचा दर विचारायचा हक्क त्याला असतो आणि दिवाळीला सवलतीची साखर घरी येते. आयटी पार्कने या पट्ट्यात त्याच्या कितीतरी पट पैसा आणला, जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले, भाड्याच्या खोल्यांनी घरं चालली. पण तिथे कुणी सभेत उभं राहून काही विचारू शकत नाही. दोन्हींकडे सरकारचं पाठबळ आहे, आपलेपणा एकीकडेच आहे, आणि धोरण आखणाऱ्यांनी या फरकाकडे फार कमी लक्ष दिलं आहे.

अलीकडच्या काळात जनमत सर्वात जास्त पेटलं ते सप्टेंबर २०२२ मध्ये. वेदांता आणि फॉक्सकॉन यांचा १ लाख ५४ हजार कोटी रुपयांचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावात येणार असं महिनोन् महिने ऐकू येत होतं. १३ सप्टेंबरला कंपन्यांनी गुजरात सरकारशी करार केला. लाखभर रोजगार गेले म्हणून महाराष्ट्र हळहळला, मावळात जनआक्रोश मोर्चा निघाला. ऑक्टोबरअखेर टाटा-एअरबसच्या सी-२९५ विमानांचा कारखानाही वडोदऱ्याला होणार हे जाहीर झालं आणि आगीत तेल पडलं. आधीच्या सरकारने तेव्हाच्या सरकारवर आणि तेव्हाच्याने आधीच्यावर खापर फोडलं. ऑगस्ट २०२३ मध्ये उद्योगमंत्र्यांनी विधिमंडळात श्वेतपत्रिका मांडली. त्याच्या आदल्याच महिन्यात फॉक्सकॉनने वेदांतापासून फारकत घेतली होती. तळेगावातून गेलेला तो कारखाना गुजरातेतही उभा राहिला नाही.

त्या गदारोळात एक गोष्ट बोलली गेली नाही, आणि ती बोलायला हवी होती. राज्याने या प्रकल्पाला देऊ केलेल्या सवलतींचा आकडा सुमारे ३९ हजार कोटी रुपये असल्याच्या बातम्या आल्या होत्या. शिवाय केंद्राच्या ७६ हजार कोटींच्या सेमीकंडक्टर योजनेतून मिळणारी मदत वेगळी. ‘आमचा कारखाना पळवला’ असं म्हणणाऱ्या एकाही मोठ्या सभेत ‘आम्ही त्यासाठी काय मोजणार होतो’ असा प्रश्न ठळकपणे पुढे आला नाही.

गुजरातमधल्या साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पाचे आकडे उघड आहेत, त्यावरून अंदाज बांधता येतो. एकूण खर्च २७५ कोटी डॉलर. त्यातले ५० टक्के केंद्र देणार, २० टक्के गुजरात सरकार देणार, कंपनी स्वतःचे साडेब्याऐंशी कोटी डॉलर घालणार. थेट रोजगार ५ हजार. भागाकार केला तर एका थेट नोकरीमागे सरकारी तिजोरीतून ३ लाख ८५ हजार डॉलर, म्हणजे तीन कोटी रुपयांहून जास्त जातात. चिपचा कारखाना केवळ नोकऱ्यांसाठी काढत नाहीत, हे खरं आहे. २०२१ मध्ये चिपच्या टंचाईमुळे चाकणच्या वाहन कंपन्यांना उत्पादन घटवावं लागलं, सुट्ट्या द्याव्या लागल्या. देशात चिप तयार होणं ही गरज आहे आणि तिची किंमत मोजणं कदाचित योग्यही आहे. पण मग ‘ही किंमत आम्ही सुरक्षेसाठी मोजतो आहोत’ असं स्पष्ट सांगावं. लोकांना मात्र रोजगार सांगितला जातो, म्हणून लोक रोजगारच मोजतात.

आणि रोजगाराचा घोर खोल आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी लोकनीती-सीएसडीएसने केलेल्या पाहणीत ६२ टक्के लोकांनी नोकरी मिळणं अधिक अवघड झाल्याचं सांगितलं. बेरोजगारी हा सर्वात मोठा मुद्दा म्हणणारे २७ टक्के होते, महागाई म्हणणारे २३.

कारखान्याची नोकरी म्हणजे नक्की काय, हे पहाटेच्या पाळीच्या बसला उभ्या असलेल्या पोराच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर वाचता येतं. पुण्याच्या या औद्योगिक पट्ट्यात कार्डावर वरच्या ओळीत नामवंत कंपनीचं नाव नसतं, मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचं असतं. अनेक ठिकाणी परमनंटच्या कार्डाची दोरी वेगळ्या रंगाची, ठेक्याच्या कामगाराची वेगळी. एकाच लाइनवर, एकाच गाडीचे बोल्ट आवळणारे दोघे, आणि पगारात दुप्पट-तिप्पट फरक. काही वर्षं ‘नीम ट्रेनी’ हा प्रकार जोरात होता. तांत्रिक शिक्षण परिषदेने २०१३ मध्ये आणलेली ही योजना शिकवण्यासाठी होती, पण कित्येक ठिकाणी ती स्वस्त कामगार मिळवण्याची वाट झाली आणि अखेर बंद करावी लागली. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला ६ हजार, आयटीआय-पदविकाधारकाला ८ हजार, पदवीधराला १० हजार रुपये महिना, तेही सरकारकडून. ही सुद्धा कारखानदाराला सरकारी मदतच आहे. मुदत संपल्यावर त्यांतल्या किती जणांना त्याच ठिकाणी कायम घेतलं, हा आकडा कंपनीनिहाय गावाच्या फलकावर लागला तर योजनेबद्दलचं मत आपोआप तयार होईल.

सवलत घेणाऱ्या उद्योगाने ८० टक्के स्थानिकांना काम द्यावं, असा राज्याचा निर्णय आहे. त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी. जमीन गेलेल्या गावाला वाटतं, स्थानिक म्हणजे आपण. लातूर-बीडहून आलेला पोरगाही तितकाच गरजू असतो आणि त्याच्या हक्कावर बोट ठेवणं बरोबर नाही. पण ज्याच्या सात-बाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात एमआयडीसीचा शेरा पडतो, त्याला त्या क्षणापासून कर्ज मिळत नाही, जमीन विकता येत नाही, आणि संपादन मात्र वर्षानुवर्षं पुढे सरकत नाही. ‘बत्तीस-दोनची नोटीस’, म्हणजे एमआयडीसी कायद्याच्या कलम ३२(२) खालची संपादनाची नोटीस, हे शब्द मावळ-मुळशी-खेडच्या गावांत शाळकरी पोरांनाही माहीत असतात. शिक्के काढा, नाहीतर पैसे द्या, अशी मागणी घेऊन इथले शेतकरी पुन्हा पुन्हा रस्त्यावर आले आहेत. त्यांना उद्योगविरोधी म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

मदतीच्या हिशेबात सुरक्षा धरलीच जात नाही. ७ जून २०२१ रोजी मुळशीतल्याच उरवड्यात, पिरंगुटजवळ, एका रासायनिक कारखान्यात आग लागली. सतरा कामगार गेले, त्यात बहुतेक बायका होत्या. करोनाच्या दिवसांत जंतुनाशकाला मागणी होती, काम जोरात होतं. त्या बायकांची घरं आसपासच्या गावांत आहेत. देशी उत्पादन वाढलं पाहिजे असं म्हणताना कारखाना निरीक्षकांच्या रिकाम्या जागाही भरल्या पाहिजेत, हे त्याच दमात म्हटलं गेलं पाहिजे. कारखान्याला दिलेल्या प्रत्येक सवलतीच्या पत्रासोबत सुरक्षा तपासणीची तारीख असावी, ही मागणी फार मोठी नाही.

मदत सत्कारणी लागल्याची उदाहरणंही हाकेच्या अंतरावर आहेत. हिंजवडीतल्या जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पाठबळाने एमआरएनए पद्धतीची करोना लस देशातच विकसित केली आणि जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. साथीचा भर तोवर ओसरला होता, पण जगात मोजक्याच कंपन्यांकडे असलेलं तंत्र पुण्यात उभं राहिलं. अशा मदतीबद्दल कुणाची तक्रार ऐकू येत नाही, कारण पैसा कशासाठी गेला आणि हाती काय आलं हे दोन्ही सांगता येतं.

तळेगावातल्या जनरल मोटर्सबद्दल तसं सांगता येत नाही. २००८ मध्ये वाजतगाजत सुरू झालेला हा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये बंद पडला. चीनच्या ग्रेट वॉल मोटरने तो घ्यायचं ठरवलं होतं, पण एप्रिल २०२० मध्ये केंद्राने शेजारी देशांच्या गुंतवणुकीवर घातलेल्या अटींमुळे मंजुरी रखडली आणि २०२२ मध्ये व्यवहार मोडला. देशाच्या सुरक्षेचा निर्णय म्हणून तो योग्य असेल. त्या निर्णयाची झळ मात्र कायम नोकरीवरच्या कामगारांना बसली. ते न्यायालयात गेले, उपोषणाला बसले. ह्युंदाईने २०२३ मध्ये कारखाना विकत घ्यायचा करार केला, तेव्हा आम्हाला तिथे घ्या ही त्यांची मागणी होती. २०२५ मध्ये त्याच जागेतून ह्युंदाईच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. सरकारने नव्या मालकाचं स्वागत केलं, जुन्या कामगारांच्या नोकऱ्यांचा प्रश्न त्या स्वागतात बाजूला पडला.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं आणि स्वदेशीचा नारा पुन्हा घुमला. दुकानांत ‘भारतात बनलेलं’ असे फलक झळकले. लोकांची ही भावना खरी आहे, तिची टिंगल करू नये. पण २०१४ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सुरू झाली तेव्हा राष्ट्रीय उत्पन्नात कारखानदारीचा वाटा २५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं, तो अजूनही १७ टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. पीएलआयसाठी १४ क्षेत्रांना मिळून १ लाख ९७ हजार कोटी ठेवले गेले, त्यातले २०२५ च्या मध्यापर्यंत प्रत्यक्ष दिले गेले सुमारे साडेएकवीस हजार कोटी. उत्पादन केल्यावरच पैसे, ही या योजनेची अट आहे आणि ती चांगली आहे. जुन्या सवलतींपेक्षा ती कितीतरी शिस्तीची आहे. हीच शिस्त राज्याच्या सवलतींना का नसावी? कंपनीला जिल्हा उद्योग केंद्रातून किंवा उद्योग संचालनालयातून पात्रता प्रमाणपत्र मिळतं, त्यावर किती वर्षं, किती रकमेपर्यंत परतावा हे लिहिलेलं असतं. तो कागद ज्या गावच्या हद्दीत कारखाना आहे तिथल्या ग्रामसभेत वाचून दाखवायला कोणताही कायदा आड येत नाही.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते. नेऱ्याला ती आज आहे. गहुंजे, जांबे, मारुंजी, हिंजवडी, माण, सांगवडे आणि नेरे ही सात गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायचा प्रस्ताव मात्र बरीच वर्षं चर्चेत आहे. रस्ते, पाणी, कचरा यांच्या दृष्टीने अनेकांना तो हवा आहे, आणि हिंजवडीची रोजची वाहतूक कोंडी पाहता का हवा हे समजण्यासारखं आहे. पण गाव महापालिकेत गेलं की ग्रामपंचायत जाते आणि तिच्याबरोबर ग्रामसभाही. मग सात गावांचे प्रश्न मोजक्या नगरसेवकांमार्फत सभागृहात जातील, आणि कुठल्या कारखान्याला काय दिलं व त्याने काय परत केलं हे विचारायला नेऱ्याच्या माणसाला माहिती अधिकाराचा अर्ज भरून पोस्टात टाकावा लागेल.